नकारातला निवाडा

इंग्रजी शब्दांच्या आधी लागणाऱ्या उपसर्गांमध्ये ‘अन’ हा आपल्या सर्वांत ओळखीचा. हॅपीचे अनहॅपी, फेअरचे अनफेअर, लकीचे अनलकी, नोनचे अननोन. शाळेत तो शिकवला जातो तेव्हा त्याच्यासोबत एक सोपा नियमही सांगितला जातो: शब्दाआधी ‘अन’ लावला की विरुद्धार्थी शब्द तयार होतो. हा नियम चुकीचा नाही, पण फार अपुरा आहे. त्यामुळे ‘अन’, ‘इन’, ‘नॉन’, ‘डिस’ आणि ‘अ’ हे पाचही उपसर्ग म्हणजे ‘नाही’ म्हणण्याच्या पाच पर्यायी रीती आहेत आणि कुठे कोणता लावायचा एवढे पाठ केले की झाले, अशी समजूत होते. प्रत्यक्षात नुसते ‘नाही’ म्हणायचे असेल तर इंग्रजीत ‘नॉट’ आहेच. शब्दाच्या आत शिरलेला नकार याहून अधिक काही करतो. तो एखादी गोष्ट नाही एवढेच न सांगता, ती कुठे बसते, कशी आहे, तिच्याकडे कसे पाहावे हेही सांगतो. त्या नकारात बहुतेक वेळा एक निवाडा असतो. हे मराठी वाचकाने समजून घेण्याला विशेष कारण आहे. इंग्रजीचा ‘अन’ आपल्या ‘अज्ञात’मधल्या ‘अ’चा रक्ताचा नातलग आहे, आणि या प्रश्नाची सर्वांत बारीक उकल याच देशातल्या वैयाकरणांनी करून ठेवली आहे.

आधी हे नाते पाहू. इंग्रजी, जर्मन, लॅटिन, ग्रीक, फारसी, संस्कृत आणि संस्कृतातून पुढे आलेली मराठी या सगळ्या इंडो-युरोपीय कुळातल्या भाषा. या कुळाच्या मूळ भाषेत ‘न’ हा नकाराचा शब्द होता. तो दुसऱ्या शब्दाला जोडला जाई तेव्हा त्यातला स्वर गळून नुसता ‘न्’ उरे आणि तो स्वतःच एका अक्षरासारखा उच्चारला जाई, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्या ‘न्’चे संस्कृतात व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ झाले. ग्रीकमध्येही नेमके तसेच घडले. लॅटिनमध्ये त्याचे ‘इन’ झाले, तर इंग्रजी आणि जर्मनच्या पूर्वज भाषेत ‘उन’, ज्याचा आजचा इंग्रजी उच्चार ‘अन’. म्हणून इंग्रजी ‘अननोन’, लॅटिन ‘इग्नोतुस’, ग्रीक ‘अग्नोस्तोस’ आणि संस्कृत ‘अज्ञात’ हे एकाच साच्यातले शब्द आहेत. उपसर्ग एक, आणि ‘जाणणे’ या अर्थाचा धातूही एक. आपले ‘अमृत’, ग्रीकांच्या देवांचे अन्न असलेली ‘अँब्रोसिया’ आणि लॅटिनमधून आलेला ‘इम्मॉर्टल’ यांतही तेच ‘अ’ आणि तेच ‘मृ’. आपल्या ‘अनामिक’ला ग्रीकमधून आलेला ‘ॲनॉनिमस’ असाच जवळचा.

इंग्रजीचा इतिहास असा की दूर देशी गेलेली ही भावंडे तिथे पुन्हा एकत्र आली. ‘अन’ तर जुन्या इंग्रजीत घरचाच होता. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा लोंढा आला आणि त्यांच्यासोबत ‘इन’ आला. पुढच्या व्यंजनानुसार तो रूप बदलतो, म्हणून इम्पॉसिबल, इल्लीगल आणि इर्रेग्युलर. लॅटिनमधून न्यायालयांच्या भाषेमार्गे ‘नॉन’ आणि फ्रेंचमधून ‘डिस’ आला. ग्रीकचा ‘अ’ विद्वानांनी शास्त्रीय शब्द घडवताना घेतला. टी. एच. हक्स्ले यांनी १८६९ मध्ये घडवलेला ‘ॲग्नॉस्टिक’ हा शब्द त्याचे प्रसिद्ध उदाहरण. एकाच कामाला इतके उमेदवार मिळाल्यावर भाषा त्यातले चार टाकून एक ठेवू शकली असती. इंग्रजीने तसे केले नाही. तिने कामाची वाटणी केली, आणि ही वाटणी माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा आहे.

त्याआधी एक घोटाळा दूर करायला हवा. इंग्रजीत ‘अन’ एक नसून दोन आहेत. ‘अनहॅपी’मधला ‘अन’ विशेषणाला लागतो आणि नकार देतो. ‘अनडू’, ‘अनटाय’, ‘अनलॉक’ यांतला ‘अन’ क्रियापदाला लागतो आणि झालेली क्रिया उलटवतो. गाठ बांधली होती ती सोडली, कुलूप लावले होते ते उघडले. या दुसऱ्या ‘अन’चे मूळच वेगळे आहे. त्याचे नातलग म्हणजे जर्मनमधला ‘एन्ट’, ग्रीकमधला ‘अँटी’ आणि समोर, जवळ या अर्थाचा संस्कृत ‘अन्ति’. इंग्रजी ‘आन्सर’ या शब्दाच्या आरंभी त्याचेच जुने रूप दडलेले आहे; उत्तर म्हणजे समोरून दिलेला शब्द. काळाच्या ओघात दोघांचा उच्चार सारखा झाला आणि लिहिण्यातही ते एकरूप झाले. तरी अर्थाने ते आजही वेगळे आहेत, याची खूण ‘अनलॉकेबल’ या एका शब्दात दिसते. त्याचे दोन अर्थ होतात आणि ते परस्परांच्या नेमके उलट आहेत. ‘लॉकेबल’ला पहिला ‘अन’ लावला तर ज्याला कुलूपच लावता येत नाही असे दार. ‘अनलॉक’ला ‘एबल’ लावला तर ज्याचे कुलूप उघडता येते असे दार. अक्षरे तीच आणि क्रमही तोच; फक्त कोणता तुकडा आधी जोडला यावर दार उघडे राहणार की बंद हे ठरते. मराठी बोलण्यात ‘अन’ आला आहे तो या दुसऱ्या प्रकारचा. २०२० च्या जूनपासून टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठू लागली तेव्हा ‘अनलॉक’ मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत रोज दिसू लागला. संगणकावर काम करणारे ‘अनडू कर’ म्हणतात, समाजमाध्यमांवर लोक एकमेकांना ‘अनफ्रेंड’ आणि ‘अनफॉलो’ करतात. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने २००९ चा शब्द म्हणून ‘अनफ्रेंड’ निवडला, तोही याच घरातला. या लेखाचा मुख्य विषय मात्र पहिला, नकाराचा ‘अन’.

हा ‘अन’ नुसते ‘नाही’ म्हणत नाही हे कशावरून? एक साधी कसोटी घ्या. ‘ती आनंदी नाही’ या अर्थी इंग्रजीत ‘नॉट हॅपी’ म्हटले तर ती दुःखी असेल किंवा नुसती आपल्या कामात असेल. दोन्ही शक्यता खुल्या राहतात. ‘अनहॅपी’ म्हटले की ती दुःखीच असते. मधली सगळी जागा पुसली जाते आणि माणूस थेट दुसऱ्या टोकाला जातो. याची उलट बाजूही पाहा. ‘नॉट अनहॅपी’ म्हणजे ‘हॅपी’ नव्हे. दोन नकारांनी होकार होतो हा गणिताचा नियम इथे चालत नाही, कारण त्यातला एक नकार निव्वळ नकार नाहीच. मराठीत ‘हे अशक्य नाही’ हे वाक्य ‘हे शक्य आहे’ या वाक्यापेक्षा किती सावध आहे, हे प्रत्येक मराठी माणसाला कानानेच कळते. जॉर्ज ऑरवेल यांनी १९४६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ‘नॉट अन’ या घडणीवर कडक टीका केली होती. ती गुळमुळीत बोलण्याची पळवाट आहे असे त्यांचे म्हणणे. वापर बेफिकीर असेल तर ते खरेही आहे. पण ही पळवाट मुळात आहे, कारण ‘हॅपी’ आणि ‘अनहॅपी’ यांच्या मध्ये बरीच मोठी जागा आहे आणि माणसांना तिथेही उभे राहावे लागते.

दुसरा पुरावा यापेक्षा ठसठशीत आहे. ‘अन’ म्हणजे केवळ ‘नाही’ असता तर तो कोणत्याही विशेषणाला लागला असता. तसे होत नाही. ‘अनकाइंड’ आहे, पण क्रूर नसणारा म्हणून ‘अनक्रुएल’ नाही. ‘अनवाइज’ आहे, ‘अनफूलिश’ नाही. ‘अनहॅपी’ आहे, ‘अनसॅड’ नाही. ‘अनहेल्दी’ आहे, ‘अनसिक’ नाही. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही गोष्ट नोंदवली: अशा शब्दांपैकी बहुतेकांचा कल निंदेकडे असतो. चांगल्या गुणाला ‘अन’ लावून वाईट शब्द घडतो; वाईट गुणाला ‘अन’ लावून चांगला शब्द सहसा घडत नाही. पुढे कार्ल झिमर यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक भाषांच्या आधारे हा प्रश्न तपासला. ऑरवेल यांच्या १९४९ च्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीतली हुकूमशाही सत्ता ‘बॅड’ हा शब्दच रद्द करते आणि त्याजागी ‘अनगुड’ आणते, ते याच संदर्भात समजते. विचारांची भांडारे रिकामी करायची तर शब्दांमधली छटाच काढून टाकावी लागते, आणि त्यासाठी ‘अन’ला निव्वळ यांत्रिक नकार बनवावे लागते. जिवंत भाषेत तो तसा नसतो, म्हणूनच ‘अनगुड’ कानाला खोटा लागतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो. ‘अनसेल्फिश’ म्हणजे निःस्वार्थी. ‘अनहर्ट’ म्हणजे इजा न झालेला. ‘अनडिफिटेड’ म्हणजे अपराजित. ‘अनबायस्ड’ म्हणजे पूर्वग्रह नसलेला. हे सगळे चांगले शब्द आहेत आणि त्यांची मूळपदे वाईट आहेत. मग निंदेचा नियम कुठे गेला? उत्तर या शब्दांच्या घडणीत आहे. ‘हॅपी’, ‘काइंड’, ‘वाइज’ ही गुण सांगणारी स्वतंत्र विशेषणे आहेत. ‘हर्ट’, ‘डिफिटेड’, ‘बायस्ड’ ही क्रियेपासून घडलेली रूपे आहेत आणि ती काहीतरी घडले असे सांगतात. घडणे किंवा न घडणे यांत मधली जागा नसते. संघ हरला किंवा हरला नाही. म्हणून अशा शब्दांना ‘अन’ लागतो तेव्हा तो साध्या ‘नाही’च्या फार जवळ जातो आणि जवळजवळ कशालाही लागू शकतो. गुणांचे तसे नसते. सुख, दया, शहाणपण यांच्या पायऱ्या असतात, आणि पायऱ्यांच्या ठिकाणी ‘अन’ लागला की तो उडी मारून टोक गाठतो. ‘अनसेल्फिश’सारखे थोडे शब्द या चौकटीबाहेर राहतात, हे मान्य. पण भाषेच्या नियमाला अपवाद निघाला म्हणून नियम कोसळत नाही. शेकडो शब्द एका दिशेला आणि मोजके दुसऱ्या दिशेला असतील तर ती दिशा खरी असते.

आता कामाची वाटणी. ‘ह्यूमन’ या एकाच शब्दाला तीन उपसर्ग लावून पाहा. ‘नॉनह्यूमन’ म्हणजे मानवेतर. वाघ, मुंगी, यंत्र, काहीही. त्यात दोष नाही आणि कौतुकही नाही. ‘इनह्यूमन’ म्हणजे अमानुष, क्रूर; आणि हा शब्द लागतो तो माणसालाच. वाघाला कुणी ‘इनह्यूमन’ म्हणत नाही, कारण ज्याच्याकडून माणुसकीची अपेक्षा आहे त्यालाच ती नसल्याचा दोष देता येतो. ‘अनह्यूमन’ क्वचित वापरला जातो आणि माणसासारखे न वाटणारे, अनोळखी, भेसूर असे काहीतरी सुचवतो. ‘मॉरल’चेही असेच. ‘इम्मॉरल’ माणूस नीती मोडतो, ‘एमॉरल’ माणूस किंवा गोष्ट नीतीच्या प्रश्नाबाहेरच असते. वादळ ‘एमॉरल’ असते, लाचखोर ‘इम्मॉरल’. ढोबळपणे सांगायचे तर ‘अन’ टोकाला नेतो, ‘इन’ बहुधा दोष दाखवतो, ग्रीक ‘अ’ प्रश्नाच्या बाहेर ठेवतो, ‘डिस’ असलेले काढून घेतो किंवा तोडतो, आणि ‘नॉन’ फक्त दोन कप्पे करतो.

कप्पे करणारा ‘नॉन’ सरकारी कारभाराला फार सोयीचा. महाराष्ट्रात जमिनीच्या व्यवहारात ‘एनए प्लॉट’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. शेतीची नसलेली ती एनए, म्हणजे ‘नॉन-ॲग्रिकल्चरल’, मराठीत अकृषिक किंवा बिनशेती. त्या जमिनीवर बंगला आहे, कारखाना आहे की शाळा, याच्याशी ‘नॉन’ला देणेघेणे नाही. इतर मागासवर्गातल्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी लागणारे ‘नॉन-क्रिमीलेअर’ प्रमाणपत्रही तसेच; एक रेषा, तिच्या अलीकडे किंवा पलीकडे. राजकारणातही हा उपसर्ग उपयोगी पडला. १९१६ च्या मद्रासमधल्या जाहीरनाम्यात ‘नॉन-ब्राह्मिन’ हा शब्द होता, आणि महाराष्ट्रातल्या चळवळीचे रूढ झालेले नाव ‘ब्राह्मणेतर’. ‘अब्राह्मण’मध्ये उणेपणाची छाया पडते, ‘इतर’मध्ये ती नाही. पण ‘नॉन’ही कायम तटस्थ राहतो असे नाही. आपला ‘नॉनव्हेज’ पाहा. अक्षरशः पाहिले तर दूध, मीठ आणि पाणीही ‘व्हेजिटेबल’ नाही. तरी नॉनव्हेज म्हणजे मांस, मासे, अंडी असा भरीव अर्थ त्याला मिळाला. कप्प्याला नाव दिले की कालांतराने त्या कप्प्यात नेमक्या गोष्टी भरल्या जातात आणि त्यांना चवही येते.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो. ही वाटणी इतकी नीटस आहे तर इंग्रजीत ‘अनएबल’ पण ‘इनॅबिलिटी’, ‘अनजस्ट’ पण ‘इनजस्टिस’, ‘अनइक्वल’ पण ‘इनइक्वॅलिटी’ हा गोंधळ का? अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात माणसाच्या हक्कांना ‘अनएलिएनेबल’ म्हटले आहे, तर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात ‘इनएलिएनेबल’. दोन्हींचा अर्थ एकच, हिरावता न येणारे. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती आणि ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे रस नसलेला हा भेद आज शिक्षक आग्रहाने शिकवतात, पण सतराव्या शतकात हे शब्द याच्या उलटही वापरले जात. ‘इन्फ्लेमेबल’ची गोष्ट तर प्राणाशीच गाठ घालणारी. त्यातला ‘इन’ नकाराचा नव्हे. तो ‘पेटवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातला, ‘आत’ या अर्थाचा आहे. पण वाचणारा ‘इन’ म्हणजे ‘नाही’ असे समजला तर ज्वालाग्राही वस्तूला न पेटणारी मानेल. म्हणून अमेरिकेत अग्निसुरक्षेसाठी झटणाऱ्यांनी विसाव्या शतकात ‘फ्लेमेबल’ हा शब्द पुढे आणला. आपल्याकडच्या पेट्रोलच्या टँकरवर मात्र अजूनही ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेले दिसते.

हा गोंधळ खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण तो कशाचा पुरावा आहे, ते नीट पाहिले पाहिजे. ‘अनएबल’ आणि ‘इनॅबिलिटी’ यांत इतिहास बोलतो: नाम लॅटिन-फ्रेंच वाटेने आपला उपसर्ग घेऊन आले, विशेषणाला इंग्रजीने घरचा लावला. अशा जोडीत एकाच जागेसाठी दोन शब्द भांडत नाहीत, म्हणून अर्थ वेगळा करण्याची गरजच पडत नाही. ‘अनएलिएनेबल’ आणि ‘इनएलिएनेबल’ हे एकाच जागेवर आले, तेव्हा हळूहळू एक मागे पडला. आणि ‘डिसइंटरेस्टेड’-‘अनइंटरेस्टेड’ दोन्ही टिकले ते दोघांना वेगळे काम मिळाले म्हणूनच. म्हणजे निष्कर्ष असा की उपसर्गाचा अर्थ जन्मतः कोरलेला नसतो; दोन रूपे शेजारी-शेजारी राहिली की बोलणारे लोक त्यांना वेगवेगळे काम देतात. ‘अनकूथ’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘अनोळखी’ एवढाच होता, आज तो ‘असभ्य’ झाला आहे. अनोळखी माणसापासून असभ्य माणसापर्यंतचा हा प्रवास कुठल्या व्याकरणाच्या नियमाने घडवला नाही, परक्याकडे पाहण्याच्या नजरेने घडवला.

आपल्याकडच्या वैयाकरणांनी हे किती नेमकेपणाने हेरले होते, ते मुद्दाम सांगण्याजोगे आहे. शालेय मराठी व्याकरणात आपण ‘अ’ला उपसर्ग म्हणतो, पण पाणिनीय परंपरेत प्र, परा वगैरे बावीस उपसर्गांत तो नाही. तिथे त्याला ‘नञ्’ असे स्वतंत्र नाव आहे आणि समासात त्याचे ‘अ’ किंवा ‘अन्’ कसे होते याची वेगळी सूत्रे आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला मानला जाणारा पतंजली महाभाष्यात एक विचार मांडतो. ‘अब्राह्मणाला घेऊन ये’ असे कुणी सांगितले तर ऐकणारा मातीचे ढेकूळ आणून आपले काम झाले असे म्हणत नाही. ढेकूळ ब्राह्मण नाही हे खरेच, पण सांगणाऱ्याला माणूसच अपेक्षित असतो, फक्त वेगळा. म्हणजे समासातला नकार सारे जग मोकळे सोडत नाही. तो जवळचाच दुसरा दाखवतो. या परंपरेत नुसता निषेध आणि असा नकार यांना दोन वेगळी नावे आहेत. क्रियेला लागून नुसता निषेध करतो तो प्रसज्यप्रतिषेध, आणि वस्तूला वगळून तिच्याहून वेगळ्याकडे बोट दाखवतो तो पर्युदास. ‘नॉट हॅपी’ आणि ‘अनहॅपी’ यांतला फरक या जोडीच्या उजेडात लगेच उमगतो.

व्याकरणग्रंथांत ‘नञ्’चे सहा अर्थही मोजलेले आहेत: सारखेपणा, अभाव, वेगळेपणा, अल्पता, अप्रशस्तता आणि विरोध. ‘अनुदरा’ म्हणजे पोटच नसलेली नव्हे, बारीक कमरेची, ही अल्पता. ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा नुसता अभाव नव्हे, त्याच्या विरुद्ध वागणे, हा विरोध. आणि अप्रशस्ततेचे उदाहरण मराठीत रोज कानावर पडते. ‘अवेळी आला’ म्हणजे वेळ नव्हती असे नाही, वेळ वाईट होती. गंमत म्हणजे जर्मनमध्ये वेळेला ‘त्साइट’ म्हणतात आणि अवेळेला ‘उनत्साइट’. हवामानाला ‘वेटर’ म्हणतात, तर वादळी हवेला ‘उनवेटर’. ‘क्राउट’ म्हणजे वनस्पती, आणि ‘उनक्राउट’ म्हणजे शेतातले तण. तण ही वनस्पती नाही असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. ती नको असलेली वनस्पती आहे. जुन्या इंग्रजीतही वादळाला ‘उनवेडर’ असा शब्द होता. संस्कृत वैयाकरणांनी जे आपल्या भाषेसाठी सांगितले, ते हजारो मैलांवरच्या भावंडांना असे लागू पडते, कारण निंदेची ही सवय त्या उपसर्गाला फार जुन्या काळापासून आहे.

मराठीने तर संस्कृत, प्राकृत, फारसी आणि अरबी अशा सगळ्या दारांनी नकार घेतले आणि इंग्रजीसारखीच त्यांची वाटणी केली. ‘नाव’ या एका शब्दाभोवती पाहा. ‘अनामिक’ ओढ असते, ‘निनावी’ पत्र येते आणि ‘बेनामी’ मालमत्ता जप्त होते. तिन्हींचा शब्दार्थ नाव नसलेला, पण अनामिकात हळुवारपणा आहे, निनावीत लपणे आहे आणि बेनामीत गुन्हा आहे. बेनामी व्यवहारांवर तर १९८८ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यांची अदलाबदल करून पाहा, वाक्य लगेच बिघडते. ‘समज’चे ‘नासमज’ झाले तर ते अजाण मूल, आणि ‘गैरसमज’ झाला तर दोन शहाण्या माणसांमधले भांडण. ‘गैर’ हा मूळ अरबी शब्द ‘दुसरा, वेगळा’ या अर्थाचा. म्हणून गैरसमज म्हणजे समजेचा अभाव नव्हे, भलतीच समज.

हे सगळे शब्दांचे खेळ आहेत, त्याने जगण्यात काय फरक पडतो, असे कुणी विचारील. फरक किती पडतो याचे सर्वांत जळजळीत उदाहरण ‘अस्पृश्य’ हा शब्द आहे, आणि त्याचा इंग्रजी जोडीदार ‘अनटचेबल’. दोन्हींत तोच प्राचीन उपसर्ग आहे आणि घडणही तीच. व्याकरणाने पाहिले तर हा शब्द त्या माणसाचा गुणधर्म सांगतो: याला स्पर्श करता येत नाही. वस्तुस्थिती अशी की स्पर्श सहज करता येत होता. तो करू नये अशी समाजाची आज्ञा होती. ती आज्ञा उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या आड लपली आणि अन्याय करणाऱ्याचा दोष अन्याय सोसणाऱ्याच्या अंगाला स्वभावासारखा चिकटवला गेला. शब्दाने कर्ता नाहीसा केला. याउलट डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये स्थापन केलेली सभा ‘बहिष्कृत हितकारिणी’ होती आणि १९२७ चे त्यांचे पाक्षिक ‘बहिष्कृत भारत’. ‘बहिष्कृत’ म्हटले की कुणीतरी बहिष्कार टाकला हे उघड होते. ‘दलित’ म्हटले की कुणीतरी दळले, चिरडले हे उघड होते. या शब्दांत कर्त्याला पळून जाता येत नाही.

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तेव्हा इंग्रजी मजकुरात तो शब्द अवतरणचिन्हांत ठेवला आणि त्याची व्याख्या दिली नाही. १९५८ मध्ये म्हैसूर उच्च न्यायालयाने या अवतरणचिन्हांकडे लक्ष वेधले आणि सांगितले की हा शब्द शब्दशः घ्यायचा नाही. इतिहासात रूढ झालेली जी प्रथा, तीच इथे अभिप्रेत आहे. उपसर्गाचा अर्थ शब्दकोशात सापडत नाही, तो समाजात शोधावा लागतो, हे एका न्यायालयाला सांगावे लागले. अमेरिकेत १९३८ मध्ये प्रतिनिधीगृहाने ‘अन-अमेरिकन’ कारवायांची चौकशी करणारी समिती नेमली, तिथेही हाच उपसर्ग होता. परदेशी माणूस ‘नॉन-अमेरिकन’ असतो; ‘अन-अमेरिकन’ ठरतो तो अमेरिकेचाच नागरिक, ज्याचे विचार सत्तेला पटत नाहीत. ‘नॉन’च्या जागी ‘अन’ आला आणि वर्णनाचा आरोप झाला.

म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि इंग्रजीतून मराठीत रोज मजकूर आणणाऱ्या पत्रकार-अनुवादकांना कळकळीची विनंती आहे. उपसर्गांच्या याद्या पाठ करून घेण्याआधी मुलांना ‘इनह्यूमन’ आणि ‘नॉनह्यूमन’, ‘निनावी’ आणि ‘बेनामी’ अशा जोड्या शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक शोधायला सांगा. संस्कृतातले सहा अर्थ त्या वर्गात आणा. ‘अन’ दिसला की डोळे मिटून ‘अ’ किंवा ‘गैर’ लावू नका. हा नकार नुसते वगळतो आहे, उणे ठरवतो आहे, की कुणाची करणी दुसऱ्याच्या माथी मारतो आहे, हे आधी विचारा. मराठीजवळ यातल्या प्रत्येक छटेसाठी वेगळा शब्द आहे. तो निवडण्याचे कष्ट घेणे, हे आपले काम आहे.